पॅनल आलं म्हणून बाईंनी जायचं का?

वाचकाचं पत्र:

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते चौथी, वर्ग चार आणि आम्ही शिक्षक दोघं. गेल्या वर्षी शाळेत मोठं स्मार्ट पॅनल बसवलं. माझ्याबरोबरचे सर तरुण आहेत, त्यांना ते हातचा मळ. मी मात्र अजून हात लावताना बिचकते. एकदा मुलांसमोर भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि सगळा वर्ग हसला. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एका आईने विचारलं, ‘तुमच्याकडे डिजिटल काय आहे? तिकडच्या इंग्रजी शाळेत सगळं स्क्रीनवर शिकवतात.’ पुढच्या वर्षी मुलाला तिकडे घालायचं तिच्या मनात आहे. आधीच पट घसरतोय. सर म्हणतात, ‘बाई, पाढे, पाटी, गोष्टी हे सगळं आता जुनं झालं. मुलांना व्हिडिओच लागतो.’ खरंच मी जुनी झाले का? स्वेच्छानिवृत्ती घेऊन दुसऱ्या कोणाला जागा करून द्यावी असं वाटू लागलंय. की अजून शिकता येईल? येत असेल तर नेमकं काय शिकू?
– एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर:

बाई,

निवृत्तीचा अर्ज आत्ता लिहू नका. थकवा आला असेल, तब्येत साथ देत नसेल, घरी कोणाचं करावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. पण पॅनल चालवता येत नाही म्हणून नोकरी सोडायची, हे कारण फारच किरकोळ आहे. चौथीतली दोन-तीन मुलं त्या कामाला नेमून टाका. चालू करणं, आवाज कमी-जास्त करणं, हवं ते चित्र लावणं हे त्यांच्याकडे. त्यांचं बघून तुम्हाला आठवडाभरात सगळं येईल, आणि तोवर भलतंच बटण दाबलं गेलं तर ते त्यांच्याकडून जाईल.

सरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मुलांना व्हिडिओ आवडतो, यात वाद नाही. पण तो संपल्यावर ‘कळलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो, आणि त्या ‘हो’वर किती विसंबायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. जगाचा अनुभवही काही वेगळा नाही. पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा गणितात आणि भाषेत सुधारणा आढळली नाही. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत मुलांचे वाचन, गणित, विज्ञानातले गुण डोळ्यांत भरण्याइतके वाढलेले नव्हते. स्वीडनसारखा पुढारलेला देश २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे काढून बसला. त्याच वर्षी युनेस्कोचा शिक्षणावरचा जागतिक अहवाल आला. शाळेतलं तंत्रज्ञान खरंच उपयोगी पडतं याचा भक्कम पुरावा फार थोडा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

हे वाचून पॅनलवर चादर घालू नका. ते कुठे कामाचं आहे ते पुढे सांगतेच. आधी ते कुठे तोकडं पडतं ते बघू, कारण नेमकी तिथेच तुमची गरज आहे.

तिसरीच्या वर्गाला ५२ वजा २७ हे गणित घाला. फळ्यावर तीन उत्तरं लिहा: २५, ३५ आणि ७९. ७९ म्हणणाऱ्याने चिन्हच पाहिलेलं नाही. ‘परत बघ’ म्हटलं की काम झालं. ३५ म्हणणारी मुलं बरीच निघतील आणि खरी गंमत तिथे आहे. एका मुलीने काय केलं, तर २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ काढले आणि एककाच्या घरात ५ मांडले. दशकात ५ मधून २ गेले, राहिले ३. उत्तर ३५. तिच्या शेजारच्या मुलाने एक दशक रीतसर उसना घेतला, १२ मधून ७ काढून ५ लिहिले, पण दशकाच्या घरातल्या ५ चे ४ करायचे राहून गेले. ५ मधून २ गेले, ३. त्याचंही उत्तर ३५.

उत्तर एकच, पण चुका दोन. पॅनलवरच्या गणिताच्या खेळात बहुतेक वेळा दोघांनाही लाल फुली मिळते आणि तोच व्हिडिओ पुन्हा लागतो. तुम्ही नुसतं ‘कसं आलं ते सांग बघू’ म्हटलंत तर दोन वाक्यांत कळतं की त्या मुलीला दशक मोडणं म्हणजे काय तेच उमगलेलं नाही. तिच्या हातात माडाच्या हिरांच्या, म्हणजे झावळीच्या काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या द्यायला हव्यात. पाच जुड्या, दोन सुटे हीर. यातून सात सुटे मला दे, म्हटलं की ती थांबेल, तुमच्याकडे बघेल आणि एक जुडी सोडेल. तिथे तिची वजाबाकी सुरू झाली. मुलाला जुड्या नकोत. त्याला सगळं कळलंय. फक्त ५ खोडून वर ४ लिहायची सवय लागायची आहे. त्याला जुड्या सोडायला बसवलंत तर तो कंटाळून शेजारच्याच्या खोड्या काढेल.

शिकवण्याच्या पद्धती बदलल्या, बदलल्या असं जे म्हणतात त्यातला निम्म्याहून जास्त बदल हा एवढाच आहे: शिक्षकाने कमी सांगायचं आणि मूल काय विचार करतंय ते जास्त ऐकायचं. यंत्रं त्यानंतर आली. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या ध्यानात आलं की आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण साधा संकल्पनेचा प्रश्न विचारला की गडबडतात. मग १९९१ च्या सुमारास त्यांनी व्याख्यान आवरतं घेऊन नवी रीत सुरू केली. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पुढे जगभर यासाठी बटणांची यंत्रं विकली गेली.

तुमच्याकडे पाट्या आहेत. सगळ्यांनी उत्तर लिहून पाटी पालथी ठेवायची आणि तीन म्हटलं की एकदम वर करायची. हात वर करायला सांगू नका. हात वर करताना अर्धा वर्ग हुशार मुलाकडे बघत असतो. पाट्या वर आल्या की एका नजरेत कळतं कोण कुठे आहे. मग २५ वाल्याला ३५ वाल्याशेजारी बसवा आणि त्यांना भांडू द्या, पाच मिनिटं वर्गात गलका झाला तरी चालेल. सरांना हे सगळं मोबाईलवर हवं असेल तर प्लिकर्स नावाचं अॅप आहे. मुलांच्या हातात चौकोनी नक्षीची कागदी कार्डं द्यायची, उत्तराप्रमाणे मुलं ती फिरवून धरतात आणि शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरं टिपतो. मुलांकडे फोन लागत नाही. चांगली सोय आहे, नोंद राहते. पण पाटी जुनी झाली म्हणणाऱ्या सरांना सांगा, काम तेच आहे.

आता पॅनल. दोन शिक्षक आणि चार वर्ग म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग बसून राहतो. त्या बसून राहणाऱ्या वर्गाला पॅनल द्या, शिकवत असलेल्या वर्गाला नको. सध्या उलट चालतं. शिक्षक आणि पॅनल दोघंही एकाच वर्गापुढे उभे आणि उरलेली मुलं वहीत शुद्धलेखनाच्या ओळी काढत बसलेली. पहिली-दुसरीला पॅनलवर एखादी गोष्ट ऐकायला लावा, सोबत अक्षरं सरकताना दिसू द्या आणि तेवढ्या वेळात तिसरीच्या चार मुलांना घेऊन तुम्ही जमिनीवर बसा. इयत्तेप्रमाणे न बसवता येतंय काय ते बघून गट करा. अक्षरं ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे, असे. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत देशभर नेली, आणि ज्या अर्थशास्त्रज्ञांनी ती कसून तपासली त्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. दिवसातून एक तास केलंत तरी पुरे. तुमच्यासारख्या छोट्या शाळेला हे मोठ्या शाळेपेक्षा सोपं जातं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, बाहेरच्यांच्या ती लक्षात येत नाही. मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. त्यामुळे अक्षरं जोडता आली तरी वाक्याची चाल कानात नसते. ती कानात बसायला ऐकणं भरपूर लागतं. तिथे पॅनल कामाला येतं, पण पुण्या-मुंबईच्या चकचकीत आवाजातल्या गोष्टीच हव्यात असं काही नाही. तुमच्याच आवाजात पाठ्यपुस्तकातले पाच-सहा धडे फोनवर रेकॉर्ड करा आणि पॅनलवरून ऐकवा. मुलं तुमच्या आवाजाला सरावलेली आहेत. गूगलचं रीड अलाँग हे अॅपही बघा. मूल मोठ्याने वाचतं, अॅप ऐकतं आणि अडलं तिथे शब्द वाचून दाखवतं. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतं.

नेटवरून आठवलं. जे दाखवायचं ते आदल्या दिवशी उतरवून ठेवा; सरकारच्या ‘दीक्षा’ अॅपवर तशी सोय आहे. महामारीच्या काळात सत्तरी, सांगे, काणकोणची मुलं रेंजसाठी डोंगर चढून बसायची, ते दिवस आपण विसरलेलो नाही. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की वीज जाते. त्या तासाला काय करायचं ते तुमच्या डोक्यात तयार असतं, सरांच्या डोक्यात कदाचित नसेल.

पॅनलचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे जे वर्गात आणता येत नाही ते दाखवणं. चौथीला परिसर अभ्यासात नदी शिकवताना उपग्रहाचा नकाशा उघडा. आधी आपली शाळा शोधायला लावा, मग म्हादई. मुलांनीच बोट ठेवून खाली खाली जायचं: गांजे, उसगाव, मध्ये खांडेपारची नदी येऊन मिळते, मग दिवाडी बेट, मग पणजी आणि समुद्र. वाटेत नदीचं नाव बदलून मांडवी होतं ते मुलांनाच सापडू द्या. जाताना ‘इथे पाणी मचूळ का?’, ‘भरतीचं पाणी कुठपर्यंत चढत असेल?’ असे प्रश्न टाकत राहा. चंद्राच्या कला, बी रुजताना दिवसादिवसाला होणारा बदल, यांनाही पॅनलच बरं. पण पान कसं दिसतं हे पॅनलवर दाखवू नका. सत्तरीत राहून फणसाचं पान पडद्यावर बघायचं म्हणजे फारच झालं.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न तुमच्या दारात आलेला आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि आता मोठ्या बहिणीच्या फोनवरून चौथीतलं मूलही निबंध काढून आणतं. ‘चतुर्थी’वर निबंध सांगा आणि बघा. सार्वजनिक मंडळं, ढोल-ताशे, उकडीचे मोदक, विसर्जनाची मिरवणूक, सगळं असेल. गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची माटोळी नसेल. नेवऱ्या, पातोळ्या हे आपले गोड पदार्थ नसतील आणि आरतीला घुमट हे आपलं मातीचं वाद्य वाजणार नाही. मुलावर ओरडू नका, तोच निबंध वर्गात वाचून विचारा, ‘ही चवथ कोणाच्या घरची?’ आणि पुढच्या वेळेपासून विषयच असा द्या की फोनला उत्तर देता येणार नाही: तुमच्या माटोळीला यंदा काय काय बांधलं, कोणी आणलं, कुठल्या रानातून आणलं? कांगले, माट्टी, घागऱ्या, आंबाडे, चिबूड अशी नावं येतील, आजीला विचारावं लागेल, आणि शुद्धलेखनाच्या चुका असतील. चुका दिसल्या की खुशाल समजा, निबंध मुलाचा आहे.

तुम्ही स्वतः मात्र एआय जरूर वापरा. तिसरीच्या पातळीची, हातच्याची आणि बिनहातच्याची अशी वीस वजाबाक्या दे, म्हटलं की मिनिटात मिळतात. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर सोपे आणि अवघड असे प्रश्नांचे दोन संच मिळतात. फळ्यावर उतरवण्यापूर्वी प्रत्येक ओळ तपासा, मराठी बऱ्याचदा कृत्रिम असतं आणि गोव्याबद्दलची माहिती ठोकून दिलेली असते. मुलांची नावं, पत्ते, गुण त्यात घालू नका.

सरांशी भांडण नको. त्यांना यंत्र येतं, तुम्हाला मूल वाचता येतं. आठवड्यातून एक तास दोघांनी मिळून घ्या: त्यांनी लावायचं, तुम्ही मध्येच थांबवून प्रश्न विचारायचे. ‘थांबवा’ म्हणायला संकोचू नका. व्हिडिओ थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ विचारणं हे त्यांना तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे, आणि तरुण माणूस असेल तर महिन्याभरात स्वतःहून करू लागेल. भागशिक्षणाधिकाऱ्यांना फोटो लागतो तो या तासाचा पाठवा.

आता त्या आईबद्दल. तिने ‘डिजिटल काय आहे?’ विचारलं, पण तिच्या मनात पाचवी असणार. आपल्याकडे प्राथमिक मराठीतून झालं की पाचवीला बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात, आणि तिथे आपलं पोर गप्प बसेल ही भीती पालकांना खाते. तिला पॅनल दाखवून ती भीती जाणार नाही. चौथीच्या दुसऱ्या सत्रापासून गणितातले आणि परिसर अभ्यासातले इंग्रजी शब्द मराठीच्या जोडीने वापरायला लागा आणि तसं तिला सांगा. इंग्रजी विषय म्हणून आहेच, त्यात मुलांना बोलायला लावा. सहावीपासून सरकारी आणि अनुदानित शाळांत गोवा सरकारच्या ‘केअर्स’ योजनेखाली कोडिंग, रोबोटिक्स येतं, तेही पालकांच्या कानावर असतं. त्याची तयारी अंगणात होते. खडूने चौकोन आखा, एकाला यंत्रमानव करा, दुसऱ्याने कागदावर सूचना लिहायच्या: दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे. सूचना चुकली की यंत्रमानव भिंतीवर जातो. चूक शोधून सूचना सुधारायची, एवढ्यात कोडिंगचा गाभा येऊन जातो. स्क्रीन हाताळायला शाळेने शिकवावं लागत नाही. ‘असर’ या देशभरच्या शैक्षणिक पाहणीत, २०२४ साली, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता.

इतकं करूनही ती मुलाला घेऊन जाईल, असं होऊ शकतं. गाडी दारात येते, गणवेश वेगळा असतो, शेजारची मुलं जातात. ते तुमच्या हातात नाही, आणि पट घसरला त्याचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका.

पण पुढच्या बैठकीत तिला दाखवायला एक गोष्ट तुमच्याकडे हवी. वर्ष सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एक परिच्छेद वाचायला लावून फोनवर एक-एक मिनिट रेकॉर्ड करा. चवथीच्या सुट्टीनंतर पुन्हा, नाताळच्या आधी पुन्हा. परिच्छेद तोच ठेवा. त्या आईला बाजूला बोलवा आणि तिच्या मुलाची पहिली आणि शेवटची फीत लागोपाठ ऐकवा. फक्त तिच्याच मुलाची, फक्त तिलाच. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका, कितीही मोह झाला तरी. अडखळत वाचणारं पोर उद्या वाड्यावर सगळ्यांनी ऐकलं तर ते वर्गात पुन्हा तोंड उघडायचं नाही.